पथकाचं वर्ष आखताना

अलिबाग,
२४ मे २०२६

चि. बाळू,

शाळेने स्काउट पथक तुझ्याकडे सोपवलं, हे वाचून फार बरं वाटलं. तू पाठवलेली वार्षिक आखणी नीट वाचली. मेहनत दिसते आहे. पण महिन्याला तीन-तीन कार्यक्रम आणि त्यातले बहुतेक दिनविशेष! अशा आखणीने फळा सजतो, फोटो निघतात आणि मार्चमध्ये पाहावं तर पोरांना धड क्लोव्ह हिचची गाठ मारता येत नाही. तेव्हा निम्मं तरी काढून टाक.

शिरढोणच्या पोरांचं वर्ष तुझ्याआधीच ठरलेलं असतं. पाऊस, लावणी, गणपती, कापणी, परीक्षा, शिमगा. त्यात मोकळी जागा कुठे उरते ते आधी शोध आणि पथकाचं काम तिथे बसव. स्काउट चळवळीचे दिवस त्यानंतर. गेल्या वर्षीची आखणी समोर ठेवून तारखा तेवढ्या बदलल्यास, असं मला वाटतं. यंदा ते चालणार नाही. सध्या अधिक ज्येष्ठ चालू आहे, त्यामुळे सगळे सण पुढे गेले आहेत. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. सहामाही परीक्षा कुठे येते, सुट्टी कधी लागते, हे मुख्याध्यापकांना विचारून घेतल्याशिवाय पहिल्या सत्राची एकही तारीख पक्की करू नकोस.

आणि हे एकट्याने करू नकोस. सहा ते आठ मुलांचा एक संघ, प्रत्येक संघाला संघनायक, ही रचना पथकात उगीच नाही. १५ जूनला शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात संघनायकांना घेऊन बस. मध्ये कालनिर्णय ठेव आणि पेन त्यांच्या हाती दे. कोण सांगेल, या पंधरवड्यात आमची लावणी, मी येणार नाही. कोण सांगेल, शनिवारी दुपारी क्लास असतो. कुणाला धाकट्या भावंडांना सांभाळायचं असतं, म्हणून मुक्कामाला येता येत नाही. हे तुला शाळेच्या कुठल्याही रजिस्टरात सापडणार नाही. मुलांनी स्वतः लिहिलेली तारीख मुलं पाळतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. गाइडच्या बाईंनाही त्या बैठकीला बोलाव. मुलींचे कार्यक्रम वेगळे असले तरी मैदान, दोर आणि तंबू बहुधा एकच असतात.

पावसाळा वाया जातो असं समजू नकोस. जून ते ऑगस्ट हा हात बसवण्याचा काळ. वर्गात बाकं बाजूला सारून गाठी, बंध आणि प्रथमोपचार घे. त्यातही सर्पदंश आधी. शेतात फिरणाऱ्या पोरांना त्याचा उपयोग त्याच आठवड्यात होऊ शकतो. दंशाच्या वर दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडाने विष ओढायचं नाही. माणसाला शांत ठेवायचं, तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि तडक दवाखाना गाठायचा. एकाला रोगी कर, दोघांना स्कार्फ आणि फळ्या दे, बाकीच्यांना गाडी कुठून मिळेल ते विचार. घरी जाऊन आजीला सांगता येईपर्यंत हा पाठ पुन्हा पुन्हा घे. नवीन मुलांचा प्रवेश आणि पुढे प्रथम सोपानाची, म्हणजे पहिल्या पायरीची, तयारी याच महिन्यांत होते. सोपान घाईने चढवू नकोस.

गणपतीत विसर्जनाच्या जागी निर्माल्य गोळा करण्याचं काम घे, तेवढं पुरे.

आता नोव्हेंबर. भारत स्काउट्स आणि गाइड्सची स्थापना ७ नोव्हेंबर १९५० ची, म्हणून तो ध्वजदिन. यंदा तो नेमका दिवाळीत येतो. निम्मी पोरं मामाच्या गावी असतील आणि तू रिकाम्या मैदानावर झेंडा लावत बसशील. त्यापेक्षा ४ नोव्हेंबर धर, बुधवार आहे. वासुदेव बळवंत फडके १८४५ मध्ये याच तारखेला शिरढोणला जन्मले. दुसऱ्या गावच्या पथकाला हे भाग्य नाही. ध्वजदिनाचं काम त्याच दिवशी उरकून घे. भाषणं मात्र कमी कर. फडक्यांच्या स्मारकाचा परिसर आदल्या दिवशी मुलांनी झाडावा आणि त्या दिवशी येणाऱ्यांना त्यांनीच माहिती सांगावी. त्यासाठी त्यांनी वाचलं पाहिजे. लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी करणारा हा माणूस पुण्यात शाळा काढणाऱ्यांत होता. लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत तो घुमला. १८७९ मध्ये त्याने रामोश्यांना बरोबर घेऊन बंड केलं, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. हे सगळं मुलाच्या तोंडून आलं पाहिजे, तुझ्या नाही.

कर्नाळा किल्ला तू जुलैत टाकला आहेस. तो आधी खोड. पावसात ती वाट निसरडी होते, आणि पोरांची संख्या मोठी असली की मागच्यांवर लक्ष राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत ने. फडक्यांचे आजोबा अनंतराव तिथले किल्लेदार होते, तेव्हा नोव्हेंबरचं वाचन इथे पायाखाली येईल. शिरढोणहून किल्ला जवळ वाटला तरी मुलांना महामार्गाच्या कडेने चालवू नकोस, एसटीने ने. किल्ल्याभोवतीचं अभयारण्य १९६८ पासूनचं आहे, वनखात्याला आधी कळव. पहाटे लवकर आत जा. हिवाळ्यात बाहेरगावचे पाहुणे पक्षी असतात, शिवाय भृंगराज आणि श्यामा. प्रत्येक संघाला एकच वही दे, दिसलेला पक्षी, वेळ आणि झाड लिहायला. वर गेल्यावर किल्ल्याच्या सुळक्यापाशी फार जपून. तिथे मधमाश्यांची मोहोळं असतात. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही, धूर तर मुळीच नाही, आणि अत्तर-स्प्रे मारून कुणी आलं तर त्याला खालीच थांबव. जेवण सुळक्यापासून लांब, खाली उतरून करा. ही सूचना आदल्या दिवशी दे, वर गेल्यावर कोण ऐकतं! पालकांची संमतिपत्रं आणि प्रथमोपचार पेटी तुझ्या स्वतःच्या पिशवीत हवी.

खरी कमाई, म्हणजे मुलांनी कष्ट करून पैसे मिळवण्याचा उपक्रम, जानेवारीत घे. त्यात मिळालेल्या पैशाचा हिशेब मुलांनीच लिहावा आणि पैसा कशाला लावायचा ते त्यांनीच ठरवावं. तालुका किंवा जिल्हा मेळाव्याची तारीख तुझ्या हातात नसते, म्हणून हिवाळ्यातले दोन शनिवार-रविवार कोरे सोड. फेब्रुवारीत १७ तारखेला फडक्यांची पुण्यतिथी आणि २२ ला बेडन-पॉवेल यांचा जन्मदिवस, म्हणजे चिंतनदिन. दोन्ही साधेपणाने कर, कारण तोवर दहावीच्या परीक्षेची गडबड सुरू होते, वर्ग आणि शिक्षक दोन्ही मोकळे नसतात. मार्च कोरा ठेव. एप्रिलमध्ये जाणाऱ्या संघनायकाने येणाऱ्याला संघाचं सामान मोजून द्यावं.

दोराचं विचारलं होतंस. सुती घे, नायलॉनचा नको, त्यावर शिकाऊ हाताची गाठ सरकते. पनवेलच्या बाजारात मिळेल. घेतल्यावर टोकं सुताने आवळून बांध, नाहीतर पहिल्याच पावसात पीळ सुटेल. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या