कापू नये, चिकटवू नये

वारली चित्राच्या खालच्या कडेला चित्रकार आपलं नाव लिहितो, पुष्कळदा पाड्याचंही. बोईसरच्या बाजारातल्या एका फ्रेमवाल्याने नेमकी तीच कड कापून कचऱ्यात टाकली आणि कामाचे पूर्ण पैसे मागितले.

चित्र प्रस्तुत लेखिकेचं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली तेव्हा डहाणू तालुक्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याने स्वतः काढून दिलेलं. हातकागदावर गेरूचा हात, मधोमध तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं, खाली झोपड्या आणि ताडाची झाडं. कागद १५ × २२ इंची. दुकानात माप घेतलं, पट्टी पसंत केली, मापाप्रमाणे फ्रेम बनवायची असं ठरलं आणि आगाऊ रक्कमही त्याच हिशेबाने घेतली गेली. कागद कापायचा नाही, हे लेखिकेने बजावून सांगितलं होतं. दुकानदाराने मान डोलावली. त्या वेळी दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनीही ते ऐकलं.

तयार काम समोर आलं तेव्हा काच लख्ख पुसलेली होती. पहिल्या नजरेला सगळं ठीक वाटावं अशीच मांडणी. मग लक्षात आलं, की सर्वांत खालच्या नाचणाऱ्यांना पायच नाहीत. त्यांच्याखाली झोपड्या नाहीत, ताड नाहीत, नाव नाही. दुकानात १२ × १८ ची तयार चौकट पडून होती. तिच्यात बसेल एवढंच चित्र ठेवून बाकीचं कापून टाकलं होतं.

"बाई, चित्र आहे तसंच आहे. कडेचाच कागद होता तो," दुकानदार म्हणाला. कापलेली पट्टी मागितली तर म्हणाला, "ती कुठे ठेवतो आम्ही!" चौकट मागून उघडून दाखवायला सांगितल्यावर दुसरी गोष्ट बाहेर आली. कागद पांढऱ्या गोंदाने हार्डबोर्डवर पूर्ण चिकटवला होता. "फुगा येत नाही त्याने. फ्री केलंय." आणि शेवटचं वाक्य: "पैसे द्या, मग न्या."

पैसे दिले, कारण चित्र तिथे सोडून येणं शक्य नव्हतं. 'मापात सांगायला हवं होतं,' असं नंतर तो इतर गिऱ्हाइकांना सांगत असल्याचं कानावर आलं. मापात सांगितलं होतं. पावतीच्या पाठीमागे त्याच्याच अक्षरात १५ × २२ लिहिलेलं आहे आणि ती पावती जपून ठेवलेली आहे.

कडेचा कागद म्हणून जो टाकला, त्याला इथे एवढं महत्त्व का, हे या जिल्ह्यात दुकान चालवणाऱ्याला तरी ठाऊक असायला हवं. वारली चित्र मुळात भिंतीचं. लग्नात सुवासिनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहीत, आत पालघट देवी. त्यावर कुणाचंही नाव नसे आणि पुढे भिंत सारवली की चित्र जाई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग पुरवले आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं काम जगासमोर गेलं. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. चित्र कागदावर आलं तेव्हा ते टिकू लागलं आणि त्यावर काढणाऱ्याचं नावही आलं. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आज टी-शर्टापासून चहाच्या कपापर्यंत छापील वारली नक्षी विकली जाते. तिच्यात आणि हाताने काढलेल्या चित्रात फरक सांगणाऱ्या खुणांमध्ये ते नाव महत्त्वाचं असतं. नाव कापलं की काढणाऱ्याची ओळखच कापली जाते. चित्र देणाऱ्या त्या विद्यार्थ्याला हे कसं सांगायचं, हा प्रश्न लेखिकेपुढे अजून तसाच आहे.

चिकटवण्याचं नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून ते जास्त वाईट. हार्डबोर्ड लाकडाच्या तंतूंचा. त्यातल्या लिग्निनमधून हळूहळू आम्ल सुटतं आणि त्याला टेकलेला कागद पिवळा, मग तपकिरी, मग ठिसूळ होतो. जुन्या फ्रेममधला फोटो काढला की पाठीवर तपकिरी डाग दिसतात, ते याचेच. वाळलेला पांढरा गोंद सुटता सुटत नाही. कागदाच्या संवर्धनाचं काम करणाऱ्या एका तज्ज्ञांना विचारलं, तेव्हा त्यांचं उत्तर सरळ होतं: गोंद सोडवायला ओलावा द्यावा लागेल आणि ओलावा दिला की गेरू आणि पांढरा रंग दोन्ही हलतील.

त्यातून हे बोईसर. एका बाजूला समुद्र, चार महिने भिंतींना ओल, आणि शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक प्रदूषित ठरलं होतं. हवेतला सल्फर डायऑक्साइड दमट कागदात शोषला गेला की त्याचं आम्लच होतं. नाशिकच्या कोरड्या हवेत जे चित्र वर्षानुवर्षं तग धरेल, ते इथे तसंच राहील अशी खात्री धरू नये. चौकटीची पाठ नीट बंद न करणं हा इथे आळशीपणा नाही, नुकसान आहे. कसरीलाही पिठूळ पदार्थ प्रिय. तांदळाच्या पिठाचा रंग आणि खळ यांच्यावर ती आधी जाते.

तेव्हा जो कुणी चित्र फ्रेमला टाकायला जाईल त्याने काही गोष्टी तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्याव्यात. पहिली ओळ: कापू नये, चिकटवू नये. दुसरी: कागदाचं पूर्ण माप, चौकटीचं नव्हे. दुकानात देण्याआधी चित्राचा पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचा फोटो मोबाईलवर काढावा, शक्यतो दुकानदारासमोरच. त्याला राग आला तर येऊ द्यावा.

कागद धरून ठेवायला गोंदाची गरज नसते. वरच्या कडेला मागून पातळ जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावल्या की चित्र लटकतं, आणि पुढे हवं तेव्हा थोड्या ओलाव्याने सुटतं. संग्रहालयांत हीच रीत आहे. सेलोटेप मात्र कधीही नको. तिचा चिकटा कागदात मुरतो आणि डाग जात नाही. माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, सुती तंतूंचा, आम्लरहित मागावा. तो महाग पडतो आणि बोईसरमध्ये सहज मिळत नाही. मुंबईहून मागवावा लागला तरी मागवावा. त्याच्या खिडकीची तिरकी कड काही काळाने पिवळी पडली, तर माउंट साधा आहे हे ओळखावं.

माउंट केवळ शोभेचा नसतो. तो काच आणि चित्र यांच्यात अंतर ठेवतो. पावसाळ्यात काचेच्या आतून दव धरतं आणि चित्र काचेला टेकलेलं असेल तर रंग काचेला चिकटतो. जुन्या फोटोंचं तर फारच वाईट होतं, कारण त्यांच्यावरचा जिलेटिनचा थर ओलाव्याने मऊ होऊन काचेला धरतो. असा फोटो ओढून काढू नये, काचेसकट तज्ज्ञाकडे न्यावा. वारलीसारख्या भुरभुरीत रंगावर अॅक्रिलिकची शीटही घालू नये. पुसताना तिच्यात स्थिर वीज तयार होते आणि ती रंगाचे कण ओढून घेते. साधी काच बरी.

आजीच्या पैठणीचा तुकडा, पदकं, बाळाचं टोपडं अशा वस्तू चौकटीत घालायच्या असतील तर चिकटवून नव्हे, शिवून बसवायला सांगाव्यात. चित्र उन्हात आणि ओलीच्या भिंतीवर लावू नये. संग्रहालयं कागदावरच्या कामांवर साधारण ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात. घरात तेवढं जमत नाही, पण समोरची खिडकी टाळता येते. काम देण्याआधी दोन-चार दुकानं फिरून पाहावीत, आधी केलेलं काम बघावं.

आणि "पैसे द्या, मग न्या" याबद्दल. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ नुसार दुसऱ्याची सोपवलेली वस्तू शहाणा माणूस स्वतःची वस्तू सांभाळेल तशी सांभाळावी लागते. कलम १७० नुसार कारागिराला मेहनतान्यासाठी वस्तू अडवून ठेवता येते, पण काम ठरल्याप्रमाणे केलं असेल तरच. इथे ते तसं नव्हतं. पावती जपलेली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत राहत्या जिल्ह्यातूनही जाता येतं. कापलेली कड कायदा जोडून देत नाही, हेही खरं.

बोईसर, पालघर, डहाणूच्या फ्रेमवाल्यांना एवढीच विनंती. तुमच्या दुकानात येणारी वारली चित्रं तुमच्याच शेजारच्या पाड्यांवरची असतात. चौकट लहान पडत असेल तर कात्री घेण्याआधी गिऱ्हाइकाला फोन करा, मोठ्या चौकटीचे पैसे सांगा. ते मिळतील.