जुना नकाशा वाचताना

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची स्थापना 1804 साली झाली. फोर्टमधील टाऊन हॉलमध्ये असलेल्या तिच्या ग्रंथालयात हस्तलिखिते व नाणी यांच्याबरोबरच दुर्मिळ नकाशांचाही संग्रह आहे. अशा संग्रहातील नकाशा पाहावयास मिळाला, अथवा शाळेच्या कपाटात किंवा जुन्या वाड्यातील पेटीत कापडावर चिकटविलेली एखादी घडी सापडली, तर प्रथम त्याचे साल शोधावे. साल न पाहता काढलेला निष्कर्ष शिवेच्या तंट्यात भरच घालतो.

परभणी जिल्हा या दृष्टीने उत्तम उदाहरण होय. 1948 पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला. संस्थानचे दप्तर प्रथम फारसीत व पुढे उर्दूत चाले आणि त्यात फसली सन घातला जाई. फसली सनात 590 मिळविले म्हणजे साधारणतः इसवी सन येतो. 1310 हा आकडा फसली असेल तर ते साल 1900-01 ठरते. तोच हिजरी समजल्यास 1892-93. आठ वर्षांचा हा फरक क्षुल्लक नव्हे, कारण याच दरम्यान गोदावरी खोऱ्यातून हैदराबाद-मनमाड लोहमार्ग घातला गेला.

साल असलेली कडाच फाटली असेल (आणि बहुधा कडाच फाटते), तर इतर खुणा उपयोगी पडतात. परभणीजवळ लोहमार्ग नसल्यास नकाशा विसाव्या शतकापूर्वीच्या पाहणीचा असण्याचा संभव अधिक. जिंतूर तालुक्यात येलदरीजवळ पूर्णेचे नुसते पात्र दिसत असेल, तर पाहणी 1968 मध्ये धरण पुरे होण्यापूर्वीची. परतूर तालुका परभणी जिल्ह्यात दाखविला असेल, तर सीमा 1 मे 1981 पूर्वीच्या. त्या दिवशी तो नव्या जालना जिल्ह्यात गेला. हिंगोली 1 मे 1999 रोजी वेगळी झाली. मात्र जुन्याच पाहणीवर सीमा तेवढ्या बदलून नवी छपाई केली जाते, म्हणून एका खुणेवर विसंबू नये.

शीव, गाडीवाट किंवा पाणंद यांविषयी वाद असल्यास ग्रंथालयातील नकाशा दिशा दाखवितो; कामकाजासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रमाणित नक्कलच घ्यावी. सापडलेली घडी चिकटपट्टीने जोडू नये, लॅमिनेटही करू नये. ती सपाट ठेवून दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. पटवाऱ्याने केलेली एखादी टीप मागील बाजूसही असू शकते.