हात जोडले, पण हाकेला ओ नाही

सिकंदराबादच्या उज्जयिनी महाकालीच्या बोनालू उत्सवात दुसऱ्या दिवशी ‘रंगम’ असतो. कच्च्या घड्यावर उभी राहून एक स्त्री देवीच्या वतीने वर्षाचं भाकीत सांगते. पाऊसपाण्याचं विचारलं की उत्तर देते. तिथे प्रसंग ठरलेला, ढोल, गर्दी आणि संवाद.

आता दुसरं चित्र पाहा. जेवता जेवता एखाद्याची नजर एकदम थिजते. तो हात जोडतो, तोंडानं देवाचं नाव पुटपुटतो, हाक मारली तरी ओ देत नाही. मिनिट-दोन मिनिटांत सगळं संपतं, मग थोडा वेळ तो गोंधळलेला असतो आणि त्याला काही आठवत नाही. दर वेळी हुबेहूब तेच. ही बहुधा फिट आहे, हातपाय न झटकणारी. तिचा उगम बऱ्याचदा कानशिलामागच्या टेम्पोरल लोबमध्ये असतो. आठवण, भीती, भारावून जाणं, सगळं त्याच परिसरातलं. ख्रिस्ती रुग्णांनी फिटमध्ये क्रूसाची खूण केल्याच्याही नोंदी आहेत. काही मोजक्यांना फिटच्या आधी अपार आनंद होतो. दस्तयेव्स्कीनं तो अनुभव कादंबरीत आणला.

भाविक घरांत निदानाला उशीर होतो, कारण भक्तीची तक्रार घेऊन कोण येणार? बलकमपेटच्या यल्लम्माला नवस बोला, दर्ग्याचा ताईत बांधा, माझी हरकत नाही. पण पुढच्या वेळी मोबाइलवर चित्रण करा आणि हैदराबादच्या निम्ससारख्या इस्पितळात मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. त्या एका क्लिपमधून आम्हा डॉक्टरांना पुष्कळ कळतं. ईईजी नॉर्मल आला म्हणून फिट नाहीच, असं समजू नका. दोन योग्य औषधांनीही फिट थांबल्या नाहीत, तर शस्त्रक्रियेचा विचार वेळेत व्हावा.

एका गोष्टीची मला खरी धास्ती वाटते. लागोपाठ फिट येऊन गेल्या, माणूस दिवसभर ठीक राहिला आणि मग झोप उडून ‘मला आदेश झालाय’ म्हणू लागला, तर त्याच्या पाया पडू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी इस्पितळात न्या. यात स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होऊ शकते.

फिट चालू असताना हात धरून ठेवू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांवर गेली तर १०८ लावा. जागरणानं फिट उसळते, तेव्हा रात्रभराच्या भजनाला रुग्णाला बसवू नका. निर्जळी एकादशी असो वा रोजा, गोळ्यांच्या वेळा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या.