सातबाऱ्याची मेथड चालत का नाही?

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये शाळेचा दाखला, सातबारा आणि दूध संस्थेची पावती असे तीन क्लास आहेत. तिन्ही 'नोंद' हा इंटरफेस पाळतात. जुन्या 'उस्मानाबाद'च्या जागी आजचा जिल्हा छापायला मी सी शार्पमध्ये इंटरफेसवर एक्स्टेंशन मेथड लिहिली. सातबाऱ्यात गावाचा कोड असतो, म्हणून त्या क्लासमध्ये त्याच नावाची जास्त अचूक मेथडही लिहिली. तरी पहिलीच चालते. असं का?
— एक विद्यार्थी, कळंब

उत्तर : तुमच्या लूपमधला व्हेरिएबल 'नोंद' टाइपचा असणार. एक्स्टेंशन मेथड दिसते ऑब्जेक्टची, पण असते बाहेरच्या स्टॅटिक क्लासमधली. कोणती मेथड बोलवायची हे कंपायलर व्हेरिएबलच्या जाहीर टाइपवरून आधीच ठरवतो. आत प्रत्यक्षात सातबारा आहे, हे तो पाहत नाही. तोच ऑब्जेक्ट 'सातबारा' टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, लगेच क्लासची मेथड चालेल. एकाच नोंदीची दोन उत्तरं आणि एररही नाही, म्हणून ही चूक फार उशिरा सापडते.

तरीही इंटरफेसवर मेथड लिहिण्याची तुमची कल्पना चांगलीच आहे. 2007 साली सी शार्प 3.0 मध्ये ही सोय आली, तेव्हा 'व्हेअर', 'सिलेक्ट' या मेथड 'आयएन्युमरेबल' इंटरफेसवर अशाच बसवल्या गेल्या. म्हणून त्या ॲरेवरही चालतात आणि लिस्टवरही. जे उत्तर इंटरफेसने उघड केलेल्या माहितीतून निघतं आणि सगळ्या क्लासना सारखंच लागू पडतं, त्याला ही पद्धत शोभते. जिल्ह्याचं तसं नाही. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं हे खरं, पण 16 ऑगस्ट 1982 रोजी लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत औसा, निलंगाही उस्मानाबादमध्येच होते. औशाच्या 1975 च्या दाखल्यावर 'उस्मानाबाद' असेल, तर आजचा जिल्हा लातूर. तेव्हा इंटरफेसमध्ये तालुका हवाच. क्लासच्या प्रायव्हेट फील्डला एक्स्टेंशन मेथड हात लावू शकत नाही. आणि मूळ नोंदीतलं नाव कृपया बदलू नका, कागदावर होतं तसंच राहू द्या.

आता दुरुस्ती. एक्स्टेंशन मेथड काढून टाका आणि 'आजचा जिल्हा' थेट इंटरफेसमध्ये जाहीर करा. 2019 च्या सी शार्प 8 पासून तिथेच तिचा सर्वसाधारण कोड लिहिता येतो. सातबारा स्वतःची पब्लिक मेथड देईल आणि 'नोंद' म्हणून बोलावलं तरी तीच चालेल. लॅबमध्ये जुनं डॉटनेट फ्रेमवर्क असेल तर मात्र इंटरफेसमध्ये कोड लिहिणं जमणार नाही. तिथे तिन्ही क्लासमध्ये मेथड लिहा.