अंतर ओट्यांत मोजायचं

सटाण्याला बाहेरचा माणूस येतो तो बहुधा चढायला. साल्हेर, मुल्हेर, मांगीतुंगी सगळं आमच्या बागलाणातलंच. साल्हेर १५६७ मीटर उंच, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. आमच्या गटाला मात्र गटारीवरची वर आलेली फरशीसुद्धा चढच वाटते. गुडघे झिजलेले, लकव्यातून उठलेले, कंपवाताचे, दम लागणारे अशा मंडळींना घेऊन संध्याकाळी बाहेर पडायचं, हे काम मी परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर सुरू केलं. गाव अजून ‘सिस्टर’ म्हणूनच हाक मारतं. आपल्या गावात असा गट काढू पाहणाऱ्यांसाठी हे थोडं.

१. आधी बसायच्या जागा शोधा, मग रस्ता ठरवा.

ज्याला दोनशे पावलांवर टेकावं लागतं, त्याला ‘एक किलोमीटर’ सांगून काही कळत नाही. ‘किराणा दुकानाच्या ओट्यापर्यंत, मग पारापर्यंत, मग देवळापर्यंत’ असं सांगितलं की चेहरा मोकळा होतो. म्हणून आमचा रस्ता ओट्यांनी आखलेला आहे. ओटाही कसला चालेल? गुडघ्याच्या उंचीचा. फार खाली असला तर बसता येतं, पण उठवायला दोन माणसं लागतात आणि उठवून घेणाऱ्याचा तेवढ्यात पाणउतारा होतो. ज्यांच्या ओट्यावर आपण रोज बसणार त्यांना आधी विचारून ठेवावं. बहुतेक जण ‘बसा की’ म्हणतात. एखाद्यानं नाही म्हटलं तर राग धरू नये, ओटा त्याचा आहे.

टेकणं म्हणजे हरणं, ही समजूत पुरुषांत जास्त. त्यांना मी वारीचं सांगते. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते, तिचे जसे मुक्काम ठरलेले तसे विसावेही ठरलेले. पालखी विसाव्याला थांबली म्हणून वारकरी थकला असं कोणी म्हणत नाही.

आमच्या रस्त्यावरचा मोठा विसावा म्हणजे आरम नदीकाठचं देव मामलेदारांचं मंदिर. यशवंतराव भोसेकर इथले मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी लोकांसाठी उघडला, आणि हयातीतच लोकांनी त्यांना देवपण दिलं. सरकारी अधिकाऱ्याचं देऊळ असलेलं गाव, ही आमच्या पेन्शनरांची लाडकी गोष्ट. नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी ऐकावी लागते. ज्याला पायऱ्या जमत नाहीत तो खालूनच कळसाला हात जोडतो. शिखरदर्शनाला आपल्याकडे मान आहेच, त्यामुळे कोणी खाली राहिलं तरी त्याची फेरी पुरी धरली जाते. मार्गशीर्ष वद्य एकादशीच्या यात्रेच्या दिवसांत तेवढा हा रस्ता सोडायचा. त्या गर्दीत काठी टेकायला जागा नसते.

२. सर्वांत हळू चालणारा सर्वांत पुढे.

हे उलटं झालं की काय होतं ते पाहा. धडधाकट पुढे जातात, ओट्यावर बसतात, गप्पा मारतात. मागचे आजोबा धापा टाकत पोचतात, तोवर पुढच्यांची विश्रांती झालेली असते आणि ‘चला’ म्हणून सगळे उठतात. म्हणजे ज्याला विसाव्याची गरज जास्त, त्याच्या वाट्याला तो येतच नाही. दोन-तीन दिवस असं झालं की तो ‘आज पाय दुखतोय’ म्हणून घरी बसतो, आणि तो परत येत नाही. आम्ही त्यालाच पुढे घालतो. मागच्यांना पटपट चालायचं असेल त्यांनी पहाटे वेगळं जावं. तशी मुभा आहे, आणि चौघे-पाच जण जातातही.

३. बोलता बोलता थांबणाऱ्याकडे लक्ष ठेवा.

चालताना काही विचारलं तर काही माणसं जागीच उभी राहतात, उत्तर देतात, मग पुढचं पाऊल टाकतात. सोबतच्यांना वाटतं, रंगात आलेत. स्वीडनमधल्या संशोधकांनी नेमकं हेच पाहिलं आणि १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं: बोलण्यासाठी ज्यांना थांबावं लागतं, त्यांची पुढच्या काळात पडण्याची शक्यता जास्त असते. चालणं हे तरुणपणी आपोआप होतं. म्हातारपणी, त्यातही कंपवात किंवा लकव्यानंतर, प्रत्येक पावलाला लक्ष द्यावं लागतं. ते लक्ष गप्पांत गेलं की तोल जातो.

म्हणून आमच्यात एक रीत पडली आहे. अशा माणसाशी चालताना फक्त हो-नाही एवढंच बोलायचं. कांद्याचा भाव, नातवाची नोकरी, सुनेचं सगळं ओट्यावर. खरं तर त्यामुळे ओट्यावरची मैफल जास्त रंगते. आणि अशा माणसाच्या घरी एकदा सांगून ठेवायचं की डॉक्टरांना दाखवा, रात्री संडासाकडे जाताना दिवा लावा, दारातलं पायपुसणं काढा. पडणं बहुतेक वेळा रस्त्यावर होत नाही, घरात होतं.

४. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात.

हे सांगून सांगून माझा घसा बसला. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची, आणि उजवं पाऊल व काठी एकाच वेळी पुढे टाकायची. तेव्हा दुखऱ्या बाजूचा भार काठी घेते. जवळपास प्रत्येक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरून येतो, कारण सिनेमात तशीच दिसते. उंचीही बघायची: पायात वहाणा घालून सरळ उभं राहावं, हात सैल सोडावा, काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. उंच काठीनं खांदा दुखतो, बुटकीनं माणूस वाकतो. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं की बदलायचं.

सगळं समजतं, तरी काठी घ्यायला लाज वाटते. जन्मभर शेतात हातात काठी धरलेला शेतकरीही म्हणतो, ‘ती गुरांसाठी होती.’ मी वाद घालत नाही. ज्याला सगळे मानतात अशा एखाद्या आप्पांच्या हातात आधी काठी आली की बाकीच्यांची लाज आपोआप जाते. पैशाची अडचण असेल तर राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, २०२४ ची. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या पात्र व्यक्तीला काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात मिळतात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, तीत शिबिरातून प्रत्यक्ष वस्तू देतात. वस्तू मिळाली की ती मापाची आहे का हे मात्र आपणच बघायचं.

५. बाया का येत नाहीत हे विचारा, पण पुरुषांसमोर नको.

पहिल्यांदा सगळ्या म्हणतात, ‘वेळ नाही.’ एकटीला गाठलं की खरं कारण निघतं: लघवीची सोय नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, वयानं धरवत नाही, म्हणून त्या बाहेर पडायच्या आधी पाणीच पीत नाहीत. मग उन्हाळ्यात चक्कर येते. आमच्या रस्त्यावर दोन घरं अशी आहेत की जिथं कुणीही मावशी न विचारता आत जाऊ शकते. त्या घरांचा रस्त्यावर पत्ता लिहिलेला नाही, पण बायांना ठाऊक आहे. ही सोय झाली आणि बाया यायला लागल्या. कांद्याच्या लागणीत वाकून वाकून ज्यांच्या कमरा गेल्या, गुडघे गेले, त्या ह्याच. नऊवारीचा घोळ घोट्याच्या वर असावा आणि चपलेला मागून पट्टा असावा, एवढं सांगावं लागतं, बाकी त्या पुरुषांपेक्षा शिस्तीच्या.

६. महामार्ग एकदाच ओलांडायचा.

विंचूर-प्रकाशा महामार्ग गावातून जातो. कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टर संपत नाहीत. सिग्नलचा हिशेब मांडताना पायी माणूस सेकंदाला १.२ मीटर जातो असं बऱ्याच ठिकाणी धरतात. आमच्यातले काही जण त्याच्या निम्म्यानं जातात. त्यामुळे दोन धडधाकट माणसं दोन्ही बाजूंना हात करून उभी, मधून सगळे एकत्र. परतीचा रस्ता असा निवडा की पुन्हा ओलांडावं लागणार नाही.

७. घड्याळातली पावलं मुलांना दाखवायची.

परदेशातून, पुण्यातून मुलं मनगटावर घड्याळ बांधून देतात आणि फोनवर विचारतात, दहा हजार झाली का? हा दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या विक्रीतून पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांवरच्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं टाकणाऱ्यांचा मृत्युदरही २,७०० वाल्यांपेक्षा स्पष्ट कमी दिसला.

मला त्याहून जवळचा वाटतो तो २०१४ चा ‘लाइफ’ अभ्यास. ७० ते ८९ वयाचे १,६३५ लोक, सगळे बसून राहणारे. कसोटी एकच: ४०० मीटर स्वतःच्या पायांनी चालता येतं का. एका गटाला चालण्याचा आणि तोल-ताकदीचा व्यायाम दिला, दुसऱ्याला आरोग्यावरची व्याख्यानं. अडीच वर्षांवर लक्ष ठेवल्यावर ४०० मीटरची क्षमता गमावणारे पहिल्या गटात ३०.१ टक्के, दुसऱ्यात ३५.५ टक्के. फरक चमत्काराचा नाही, पण खरा आहे. ज्येष्ठ नागरिक संघांना व्याख्यानांची आवड दांडगी, म्हणून हा आकडा मी मुद्दाम सांगत असते. छातीत दुखलं, घाम फुटला, अचानक एका बाजूची ताकद गेली, तर मात्र चालणं बंद आणि थेट दवाखाना. खिशात नाव, औषधं आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाकडे हवीच.

८. स्मरणार्थ बाक देणाऱ्यांना आधी गाठा.

आपल्याकडे आई-वडिलांच्या स्मरणार्थ सिमेंटचे बाक देण्याची चांगली पद्धत आहे. पाठीवर नाव कोरलेलं असतं, पण बहुतेक बाकांना हात नसतात. हाताला रेटा दिल्याशिवाय झिजलेल्या गुडघ्याचा माणूस उठूच शकत नाही. म्हणजे ज्यांच्या वयाच्या माणसांसाठी बाक दिला, त्यांना सोडून कॉलेजची पोरं त्यावर बसतात. वर्षश्राद्धाच्या आधी त्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि सांगायचं: नाव हवं तेवढं मोठं घाला, पण दोन्ही बाजूंना हात बसवा, बैठक गुडघ्याइतकी उंच करा आणि बाक सावलीच्या बाजूला ठेवा. दुखवट्याच्या घरात हे बोलायला जड जातं. पण ऑर्डर एकदा गेली की साचा बदलत नाही, म्हणून तेराव्यानंतर फार थांबू नये.