आजीचा नातू आणि पालकत्वाचा अर्ज

जून महिन्यात आंदर मावळातील एखाद्या वाडीवरची आजी, आईबाप गमावलेल्या नातवाचा हात धरून शाळेच्या पायरीशी उभी राहते. पालकाच्या नावाचा रकाना भरताना गुरुजींची लेखणी थबकते. वस्तुतः थबकण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे मूल ज्याच्या ताब्यात व सांभाळात आहे, तोही पालकच होय. जन्माचा दाखला नाही म्हणूनही प्रवेश अडत नाही. मात्र वडिलांच्या नावाच्या जागी मामाचे किंवा चुलत्याचे नाव लिहू नये. दयाबुद्धीने केलेली ही चूक पुढे वारसाच्या कामी मुलालाच नडते.

शाळेपुरते एवढे पुरे. परंतु मुलाच्या नावची जमीन विकावयाची असेल, अथवा त्याच्या ताब्याविषयी आप्तांत तंटा उभा राहिला, तर केवळ नाते उपयोगी पडत नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वये, मूल जेथे नेहमी राहते तेथील जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. न्यायालय मुलाचे कल्याण पाहते. मूल जाणते असल्यास त्याची इच्छाही विचारात घेते. हे बरेच म्हणावयाचे. कारण लोणावळ्याच्या बाजूस जमिनीला भाव आला की मुलाचा एकाएकी कळवळा येणारे आप्तही निघतात.

वकिलाचे नाव काढताच आजी मागे फिरते. तिला हे सांगावयास हवे की, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कातकरी व ठाकर आजोबाही यातच आले. इतर पुरुषांस सामान्यतः उत्पन्नाची मर्यादा आहे. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य असले पाहिजे, हे मात्र सर्वांनाच लागू आहे.

लोणावळ्याहून लोकलने वडगावला उतरावे. तालुक्याचे न्यायालय तेथे आहे. तालुका विधी सेवा समितीची चौकशी तेथेच करावी. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही विचारता येते. अर्ज साध्या मराठीत चालतो. लिहिता न येणाऱ्याचे म्हणणे तोंडी ऐकून उतरवून घेतात. सोबत आईवडिलांच्या मृत्यूचे दाखले न्यावेत, आणि शाळेचा दाखलाही. मूल कोठे राहते व त्याला शाळेत कोण पोहोचविते, हे दाखविणारा कागद वाडीवर बहुधा गुरुजींच्याच कपाटात असतो.