रात्रीने गाठलेली माणसं

चि. सोनूस,


तुझ्या अनुवादाची पहिली प्रकरणं वाचली. भाषा स्वच्छ आहे. पण ‘बिनाइटेड’ हा शब्द येईल तिथे ‘अडाणी’ लिहून तू मोकळी झाली आहेस. तेवढं पुन्हा बघ, म्हणून हे पत्र.

सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो वाटसरूसाठी. मुक्कामाला पोचण्याआधी ज्याला वाटेतच रात्रीने गाठलं, तो बिनाइटेड. दिवस मावळला, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? मनाच्या अंधाराचा अर्थ नंतर रुळला. मिल्टनचं ‘कोमस’ हे नाट्यकाव्य अवश्य वाच. १६३४ साली लडलोच्या किल्ल्यात ते सादर झालं. बहीण रात्री रानात चुकली आहे, दोघे भाऊ तिला शोधताहेत, आणि थोरला धाकट्याला समजावतो की ज्याचं मन मलिन, तो भर दुपारीही अंधारातच चालतो. इथला अंधार ज्याचा त्याने ओढवून घेतलेला आहे. माणूस कुठे जन्मला, कोणत्या धर्माचा, हा प्रश्नच तिथे येत नाही.

तो पुढे आला. रेजिनाल्ड हेबर या पाद्र्याने १८१९ साली मिशनच्या निधीसाठी एक स्तोत्र लिहिलं. त्यात हा शब्द ख्रिस्ती नसलेल्यांच्या वाट्याला आला. हेबरने तेव्हा हिंदुस्थान पाहिलाही नव्हता. कलकत्त्याचा बिशप म्हणून तो आला १८२३ मध्ये. त्याच स्तोत्रातल्या ओळींचा डंख आपल्याला कायम जाणवत आला, असं गांधीजींनी १९२५ मध्ये कलकत्त्यात मिशनऱ्यांनाच सांगितलं.

गोऱ्यांनी आपसांतही हा शब्द वापरला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात नोंद आहे: इतर इलाख्यांतले लोक मद्रासला हिणवून बिनाइटेड म्हणत. त्या मद्रासमध्ये १७९२ पासून वेधशाळा होती, १७९४ पासून मोजणीची शाळा होती. हिंदुस्थानच्या थोर त्रिकोणमितीय मोजणीची पायारेषा लॅम्बटन या मोजणी अधिकाऱ्याने १८०२ मध्ये तिथेच, सेंट थॉमस माउंटजवळ मोजली. मद्रासला किती कळत होतं हे त्या शब्दावरून समजत नाही. म्हणणाऱ्याची घमेंड तेवढी समजते.

म्हणून दर वेळी आधी पाहा, कोण म्हणतंय आणि कोणाला. प्रवाशाबद्दल असेल तर ‘वाटेत रात्र झालेला’ लिही. साहेब रयतेबद्दल बोलत असेल तर त्याचा तुच्छभाव मऊ करू नकोस. ‘अज्ञानाच्या अंधारात बुडालेले’ असंच येऊ दे, वाचकाला तो माणूस ओळखू दे. प्रस्तावना मात्र तुझी आहे. तिथे कुठल्याही समाजाला तू स्वतः हा शब्द लावू नकोस. गावात शाळा नव्हती, तर शाळा नव्हती असं लिही, आणि ती कोणी काढली नाही हेही लिही.

दुरुस्त केलेली प्रकरणं दिवाळीपूर्वी पाठव.

तुझी,
आत्या